हिरवे पाणी : खाऱ्या तलावातील शेवाळ, त्याची कारणे आणि उपाय

पोहण्याचा तलाव बांधणे हे पैशाचे काम आहे. तो चालविणे हे लक्षाचे काम आहे. उदार देणगीदार मिळाले की तलाव उभा राहतो, संगमरवरी पाटीवर नावे कोरली जातात आणि पहिल्या उन्हाळ्यात मुलांची झुंबड उडते. पुढे एखाद्या वैशाखात, चार दिवस वीज नीट नसते, पंप बंद राहतो आणि पाचव्या दिवशी सकाळी पाहावे तो निळ्या पाण्याच्या जागी हिरवे डबके! मग धावपळ सुरू होते. कोणी मोरचूद टाका म्हणतो, कोणी सगळे पाणी सोडून द्या म्हणतो, कोणी आणखी दोन पोती मीठ ओता म्हणतो. या तिन्ही सल्ल्यांत काय खरे आणि काय खोटे, हे समजावून घेण्यासाठी हा पाठ आम्ही लिहीत आहोत. ज्या संस्थांकडे खाऱ्या पाण्याचा, म्हणजे मिठावर चालणारा तलाव आहे, त्यांच्या कार्यकर्त्यांना तो डोळ्यांसमोर ठेवून काम करता यावे, एवढाच आमचा हेतू आहे.

१. ‘खारा तलाव’ म्हणजे काय?

पुष्कळांची समजूत अशी असते की खाऱ्या तलावात क्लोरीन नसते आणि पाणी मिठामुळेच शुद्ध राहते. ही समजूत साफ चुकीची आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तरीही समुद्र शेवाळांनी भरलेला आहे. आपल्या तलावात तर लिटरमागे जेमतेम ३ ते ४ ग्रॅम मीठ असते. माणसाच्या अश्रूंपेक्षाही हे पाणी कमी खारट असते. एवढ्याशा मिठाने शेवाळाचे काहीही बिघडत नाही.

मीठ हा येथे केवळ कच्चा माल होय. गाळणीतून बाहेर आलेले पाणी एका नळकांड्यातून जाते. त्यात रुथेनियमसारख्या धातूच्या ऑक्साइडचा लेप दिलेले टायटॅनियमचे पत्रे बसविलेले असतात. यांतून विजेचा प्रवाह सोडला की मिठाच्या पाण्याचे विद्युत् विच्छेदन होते. धनाग्रावर क्लोरीन सुटतो, ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो. क्लोरीन लगेच पाण्यात विरघळून त्याचे हायपोक्लोरस अम्ल बनते, आणि हेच अम्ल जंतूंना व शेवाळाला मारते. आपले काम करून झाले की क्लोरीनचे पुन्हा क्लोराइड, म्हणजे मिठातील घटक, बनते. म्हणून मीठ फारसे संपत नाही. ते पोहणाऱ्यांच्या अंगाबरोबर, गाळणी उलटी धुताना आणि पावसात तलाव ओसंडून वाहिल्याने कमी होते, एवढेच.

एक लाख लिटरच्या तलावाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम या हिशेबाने ३५० किलो, म्हणजे पन्नास किलोची सात पोती मीठ लागते. मीठ स्वच्छ, आयोडीनविरहित आणि मातीविरहित असावे.

तात्पर्य, खारा तलाव हा क्लोरीनचाच तलाव आहे. फरक इतकाच की क्लोरीन पिंपातून न येता जागच्या जागी तयार होते. ही गोष्ट ज्याने ध्यानात ठेवली त्याला पुढचे सारे सोपे जाईल.

२. शेवाळ कोठून येते?

शेवाळाची बीजुके वाऱ्याबरोबर, धुळीबरोबर, पावसाबरोबर आणि पोहणाऱ्यांच्या कपड्यांबरोबर रोजच पाण्यात पडत असतात. त्यांना कोणीही थांबवू शकत नाही. प्रश्न एवढाच असतो की पडलेले बीजुक मरते की वाढते. पाण्यात पुरेसे क्लोरीन असेल तर ते मरते. नसेल तर ऊन, ऊब आणि पाण्यातील नायट्रेट-फॉस्फेटसारखे अन्न यांच्या जोरावर ते झपाट्याने वाढते, आणि दोनतीन दिवसांत सारा तलाव हिरवा दिसू लागतो.

येथे नावाची एक गंमत सांगावीशी वाटते. शेले या शास्त्रज्ञाने १७७४ मध्ये जो वायू प्रथम तयार केला, त्याला डेव्हीने १८१० मध्ये ‘क्लोरीन’ हे नाव दिले, ते पिवळट हिरवा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. वनस्पतींतील हरितद्रव्याला युरोपीय भाषांत ‘क्लोरोफिल’ म्हणतात, तेही त्याच शब्दावरून. तलावात या दोन सोयऱ्यांचे हाडवैर आहे. एक कमी पडला की दुसरा माजतो.

शेवाळ स्वतः बहुधा फारसे अपायकारक नसते. पण ज्या पाण्यात शेवाळ वाढू शकते, त्या पाण्यात रोगजंतूही जगू शकतात. केरळात २०२४ व २०२५ साली दूषित पाण्यातील अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले, तेव्हा तेथे विहिरी आणि तलाव यांच्या क्लोरीनीकरणावर भर द्यावा लागला, हे आपल्या स्मरणात ताजे आहे. हिरवा रंग ही क्लोरीन संपल्याची पाटी आहे, असे समजावे.

३. यंत्र चालू असूनही पाणी हिरवे का होते?

याची कारणे आम्ही क्रमाने देतो.

पहिले कारण म्हणजे यंत्र अपुऱ्या वेळ चालते. पाणी वाहत असेल तरच नळकांड्यात क्लोरीन बनते. पंप थांबला की ते थांबते. हिवाळ्यात चार तास पंप चालवून भागत असेल, पण ग्वाल्हेर-इंदूरच्या चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यात त्याच चार तासांनी भागणार नाही.

दुसरे कारण ऊन. उन्हातील अतिनील किरण क्लोरीनचा नाश करतात. उघड्यावरच्या तलावात भर दुपारी दोनतीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जाते. त्याला आडोसा म्हणून सायन्युरिक अम्ल घालतात. खाऱ्या तलावात ते लिटरमागे ६० ते ८० मिलिग्रॅम ठेवण्याचा प्रघात आहे. एक लाख लिटरला ६० मिलिग्रॅमसाठी सहा किलो लागते. हे अम्ल सावकाश विरघळते, म्हणून फडक्याच्या पिशवीत बांधून पाण्याच्या धारेपुढे टांगावे. पण आडोशाचाही अतिरेक होतो. हे अम्ल क्लोरीनला धरून ठेवते. ते फार झाले तर क्लोरीन पाण्यात असूनही सुस्त पडते. म्हणून मुक्त क्लोरीन हे सायन्युरिक अम्लाच्या किमान पाच टक्के असावे, असा व्यवहारी नियम आहे. अम्ल ६० असेल तर क्लोरीन ३ हवे. अम्ल १५० झाले असेल तर ३ क्लोरीन असूनही पाणी हिरवे होऊ शकते.

तिसरे कारण सामू, ज्याला प्रयोगशाळेत पीएच म्हणतात. खाऱ्या तलावात सामू आपोआप चढत जातो, कारण हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातील कार्बन डायऑक्साइड हुसकून लावतात. सामू ७.२ असताना क्लोरीनचा सुमारे दोनतृतीयांश भाग प्रभावी रूपात असतो. ८ झाला की जेमतेम चौथाई उरतो. सायन्युरिक अम्ल असलेल्या पाण्यात हा फरक काहीसा कमी होतो, पण दिशा तीच राहते. शिवाय चढलेल्या सामूमुळे पत्र्यांवर चुन्याचे पुट बसते, आणि ते चौथे कारण ठरते.

जेथे बोअरचे पाणी जड आहे, तेथे हे पुट महिन्यादोनमहिन्यांतही दिसू लागते. पुट चढलेल्या पत्र्यातून क्लोरीन कमी बनते. यंत्राचा दिवा मात्र हिरवाच राहतो आणि रखवालदार निश्चिंत असतो.

पाचवे कारण मीठ कमी होणे. मुसळधार पावसाने तलाव ओसंडतो, मीठ पातळ होते आणि यंत्र आपण होऊन मंदावते अथवा बंद पडते. पाणी फार थंड, साधारण १५ अंशांखाली असतानाही अनेक यंत्रे थांबतात.

सहावे कारण पाण्याचे न फिरणे. शिडीच्या मागे, पायऱ्यांच्या कोपऱ्यात, दिव्याच्या चौकटीमागे पाणी साचून राहते. शेवाळ पहिले पाऊल तेथेच टाकते.

४. आधी पारख, मग उपाय

प्रत्येक हिरवे पाणी शेवाळाचे नसते. पाणी हिरवे पण काचेसारखे पारदर्शक असेल, आणि भिंतींवर बुळबुळीतपणा नसेल, तर तांबे किंवा लोह यांचा संशय घ्यावा. बोअरच्या पाण्यात लोह असले तर क्लोरीन घालताच रंग बदलतो. अशा वेळी शेवाळाचा उपाय करून पैसा फुकट जातो.

शेवाळ असेल तर पाणी गढूळ होते आणि भिंती बुळबुळीत होतात. तपासणीसाठी पिवळा रंग देणाऱ्या जुन्या थेंबांवर विसंबू नये; त्यांतून एकूण क्लोरीन कळते, मुक्त क्लोरीन कळत नाही. गुलाबी रंग देणारी डीपीडीची तपासणी घ्यावी. तीतही एक खोच आहे: क्लोरीन अतिशय जास्त असेल तर गुलाबी रंग उमटताच उडून जातो आणि नळी कोरी दिसते. क्लोरीन मुळीच नाही असे समजून अजाण माणूस आणखी औषध ओततो. अशी शंका आल्यास नमुन्यात शुद्ध पाणी मिसळून पुन्हा तपासावे.

५. हिरवा झालेला तलाव कसा सुधारावा?

प्रथम तलाव बंद करावा. फाटकाला कुलूप घालावे आणि पाटी लावावी. हे का, ते पुढे सांगितलेच आहे.

मग पाने, कचरा जाळीने काढावा. सामू ७.२ च्या आसपास आणावा. हे आधीच करावे, कारण क्लोरीन फार वाढल्यावर सामूची तपासणी भरवशाची राहत नाही. सायन्युरिक अम्ल मोजावे. ते १५० सारखे फार निघाले तर ते उडून जात नाही, कोणत्याही सामान्य औषधाने मरत नाही. निम्मे पाणी बदलले तरच निम्मे होते.

त्यानंतर भिंती, तळ, पायऱ्या, कोपरे ब्रशने जोर लावून घासावेत. शेवाळाच्या थराखालच्या पेशींपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. थर फोडावाच लागतो. ही मेहनत टाळून औषधावर भार टाकणारे लोक दुप्पट औषध खर्च करतात.

आता क्लोरीन. मारक मात्रा सायन्युरिक अम्लाच्या सुमारे ४० टक्के धरतात. अम्ल ६० असेल तर २४ मिलिग्रॅम. येथे यंत्रावर विसंबून चालत नाही, आणि ते का, हे हिशेबानेच पाहावे. एक लाख लिटरमध्ये २४ मिलिग्रॅम म्हणजे २,४०० ग्रॅम क्लोरीन. ताशी २० ग्रॅम देणारे यंत्र अखंड चालविले तरी त्याला १२० तास, म्हणजे पाच दिवस लागतील. आणि तेवढ्यात ऊन व शेवाळ मिळून ते सर्व खाऊन टाकतील. म्हणून बाहेरून क्लोरीन द्यावे लागते. दहा टक्क्यांचे द्रव सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एका लिटरातून सुमारे १०० ग्रॅम क्लोरीन मिळते. म्हणजे आपल्या तलावाला २४ लिटर लागेल. ते ताजे असावे; उन्हात ठेवलेल्या कॅनचा जोर लवकर ओसरतो. ब्लीचिंग पावडरही चालते, पण तिच्यातला चुना जड पाण्यात आणखी भर घालतो. ती वापरायची तर प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात पावडर टाकावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळ तेवढी ओतावी.

औषध संध्याकाळी घालावे, म्हणजे ऊन ते खाणार नाही. पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. एकदा मात्रा घालून विसरू नये. शेवाळ मरताना क्लोरीन संपत जाते, म्हणून दिवसातून दोनतीनदा मोजून ती मात्रा पुन्हा पुन्हा भरून काढावी. अर्धवट सोडलेला उपाय हा न केलेल्या उपायासारखाच महाग पडतो. चार दिवसांनी पाणी पुन्हा हिरवे होते.

मेलेले शेवाळ राखाडी-पांढुरके दिसते. पाणी हिरव्याचे दुधट झाले की आपण जिंकू लागलो असे समजावे. आता काम गाळणीचे. स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा दाब चौथाईने वाढला की गाळणी उलटी धुवावी. या दिवसांत ते रोजही करावे लागते. गढूळपणा हटत नसेल तर आपल्या घरगुती परंपरेतील तुरटी येथे उपयोगी पडते. तुरटीने बारीक कण एकत्र येऊन तळाशी बसतात. तो गाळ गाळणीतून न फिरविता थेट गटारात जाईल असा ओढून काढावा. तुरटीने सामू उतरतो, तो मागाहून तपासावा.

उपाय पुरा झाला हे कशावरून ओळखावे? तीन खुणा आहेत. पाणी स्वच्छ आरपार दिसावे. मुक्त क्लोरीन व एकूण क्लोरीन यांतील फरक लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक नसावा. आणि सूर्यास्तानंतर मोजलेले क्लोरीन दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी मोजले असता एक मिलिग्रॅमहून अधिक घटलेले नसावे. रात्री ऊन नसते. तरीही क्लोरीन घटले, तर ते खाणारे कोणीतरी पाण्यात अजून जिवंत आहे! तिन्ही खुणा पटल्या की क्लोरीन नेहमीच्या पातळीवर उतरू द्यावे आणि मगच तलाव उघडावा.

मोरचुदाविषयी दोन शब्द. तांबे शेवाळाला मारते हे खरे. पण त्याने प्लास्टरवर डाग पडतात, गोरे केस हिरवट होतात आणि जंतूंविरुद्ध क्लोरीनची जागा ते घेऊ शकत नाही. खाऱ्या तलावात त्याच्या वाटेला न जाणे बरे.

६. जिवाशी खेळ नको

काही नियम आम्ही ठळकपणे सांगतो. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट आणि कोणतेही अम्ल कधीही एकत्र करू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. क्लोरीनच्या गोळ्या व कॅल्शियमची पावडर एकाच भांड्यात मिसळू नये. आग किंवा स्फोट होऊ शकतो. पत्र्यांवरील पुट काढण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक अम्ल वापरतात. त्या वेळी चार भाग पाण्यात एक भाग अम्ल ओतावे, अम्लात पाणी कधीही ओतू नये. हातमोजे व चष्मा घालूनच हे काम करावे आणि यंत्राची वीज आधी तोडावी.

रसायनांचा परस्परांशी मेळ न पाहता केलेल्या कामाचे एक उदाहरण जगाने पाहिले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ५ ऑगस्टला ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड तलावांत ओतले गेले. त्याने क्लोरीन निष्प्रभ केले. चार दिवसांनी सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव जगासमोर हिरवागार झाला. शेजारच्या तलावातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी शेवटी बदलावे लागले. तज्ज्ञांची फौज असलेल्या ठिकाणी हे घडते, तर आपण किती सावध राहावयास हवे!

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉल रिव्हर या गावी जून २०११ मध्ये एका सार्वजनिक तलावात एक स्त्री बुडाली. पाणी इतके गढूळ होते की तिचा देह सुमारे दोन दिवस तळाशी होता आणि वरती लोक पोहत होते. हे वाचून अंगावर काटा येतो. शेवाळाने गढुळलेल्या तलावाचा सर्वांत मोठा धोका त्वचेच्या खाजेत नाही, तर तळ न दिसण्यात आहे. बुडणारे मूल ओरडत नाही. ते शांतपणे खाली जाते. तळ दिसत नसेल तर काठावरचा जीवरक्षक असून नसल्यासारखा. म्हणून सर्वांत खोल ठिकाणच्या निचऱ्याची जाळी काठावरून स्पष्ट दिसली नाही, तर तलाव त्या क्षणी बंद, असा नियम प्रत्येक संस्थेने लिहून भिंतीवर लावावा.

७. प्रतिबंध

उपायाला आठवडा लागतो. प्रतिबंधाला रोजची पंधरा मिनिटे पुरतात.

रोज : मुक्त क्लोरीन व सामू मोजून वहीत लिहावा. सामू ७.२ ते ७.६ यांत राखावा. तळाची जाळी दिसते का, ते पाहावे.

दर आठवड्यास : भिंती व कोपरे घासावेत, गाळणीचा दाब पाहावा, पाण्याची अम्ल शोषण्याची शक्ती, म्हणजे एकूण क्षारता, मोजावी. ती १० मिलिग्रॅमने वाढविण्यास लाख लिटरला सुमारे पावणेदोन किलो खाण्याचा सोडा लागतो.

दर महिन्यास : मीठ व सायन्युरिक अम्ल मोजावे, पत्रे काढून उजेडात पाहावेत.

ऋतूप्रमाणे : उन्हाळ्यापूर्वी पंपाचे तास वाढवावेत. वीज दीर्घकाळ जाणार असेल तर संध्याकाळी हायपोक्लोराइट हाताने घालावे. मोठ्या पावसानंतर मीठ व क्लोरीन दोन्ही तपासावीत. पोहणाऱ्या प्रत्येकाने आधी साबणाने अंघोळ करावी. घाम आणि तेल हे क्लोरीनचे पहिले गिऱ्हाईक असतात.

पाणी सोडावयाचे झाल्यास क्लोरीन पूर्ण उतरल्यावर आणि नगरपालिकेच्या नियमाने सोडावे. खारट पाणी विहिरीच्या, बागेच्या किंवा शेताच्या वाटेने जाऊ देऊ नये. आपली स्वच्छता दुसऱ्याच्या जमिनीचा नाश करणारी नसावी.

८. शेवटचा मुद्दा

आतापर्यंत सांगितले ते सारे रसायनाचे. पण तलाव हिरवा होतो तो पुष्कळदा व्यवस्थेच्या ढिलाईने. मोजणी कोणी करावयाची हे ठरलेले नसते. वही असते पण तीत मागच्या आठवड्याचे आकडे आजच्या तारखेने लिहिलेले असतात. आणि पाणी गढूळ आहे हे रखवालदाराला दिसत असले तरी शिबिराची फी घेतलेली असल्याने तलाव बंद करण्याचा अधिकार त्याला नसतो. तो चिटणिसांना विचारतो, चिटणीस अध्यक्षांना विचारतात, आणि तोवर मुले पाण्यात उतरलेली असतात.

आमची विश्वस्त मंडळींना विनंती आहे की त्यांनी एक गोष्ट ठरावाने मंजूर करून घ्यावी : ज्याच्या हाती तलावाची किल्ली, त्याच्याच हाती तो बंद करण्याचा अधिकार. त्याने कुलूप लावले तर त्याला कोणी जाब विचारू नये. लावावयास हवे होते आणि लावले नाही, तर मात्र जरूर विचारावा. फी परत करता येते, शिबिर पुढे ढकलता येते, पाणीही नवे भरता येते. पालक आपले मूल विश्वासाने आपल्या फाटकात सोडून जातात. तो विश्वास एकदा गेला तर कोणत्याही देणगीने परत येत नाही. मीठ, क्लोरीन, ब्रश आणि वही ही चार साधने त्या विश्वासाच्या रक्षणासाठी आहेत, एवढे जाणून प्रत्येक संस्थेने आपल्या तलावाची निगा राखावी.